अर्धा रेडिओ आणि अख्खा चोर

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगतो, बाकीचं मागून. अन्याय झाला धुळ्याच्या एका रेडिओ मेकॅनिकवर. मागच्या अधिक श्रावणात, दुसऱ्या रविवारी, दिवेलागणीच्या सुमारास, फैजपूरकडच्या एका गावात भर चौकात त्याला चोर ठरवण्यात आलं. तो तिथे हजरसुद्धा नव्हता. धुळ्याला स्वतःच्या घरी जेवायला बसला होता. त्याचा खटला, साक्षीपुरावा आणि निकाल हे सगळं चहा उकळायच्या आत उरकलं. ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि जायलाही नको.

मी त्या वेळी केळीच्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. निवृत्त अधिकारी म्हटलं की लोक पांढऱ्या मिशा शोधतात. माझ्या काळ्या आहेत. वर्दी लवकर उतरवली आणि आता लोकांवरच्या खोट्या आळांविरुद्ध पत्रकं छापून वाटत फिरतो. नावं कोणाचीच देणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी गप्प राहावं. राहता आलं तर.

गाडीपासून सुरू करू. गावातले एक मोठे बागायतदार, त्यांना अख्खा गाव आबा म्हणतो. त्यांच्या दारात वडिलांच्या वेळची अँबेसिडर. दसऱ्याला ट्रॅक्टरच्या आधी हार तिला. याच गाडीतून आबांनी अक्कांना लग्न करून आणलं, आणि तेव्हा तिच्यातला रेडिओ वाजत होता. वॉल्व्हचा रेडिओ. पुढे तो मुका झाला. आबांच्या मनात आलं, आपले डोळे मिटायच्या आत तो एकदा बोलला पाहिजे.

आता हा रेडिओ कसा असतो ते समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. त्याचे दोन भाग. एक तोंड: काच, काटा, दोन बटणं. ते गाडीच्या डॅशबोर्डात बसतं. दुसरं पोट: लोखंडी डबा, आत काचेचे वॉल्व्ह आणि स्पीकर, समोर आवाज बाहेर यायला गोल भोकांची जाळी. तो डबा डॅशबोर्डाखाली पट्टीवर बसवायचा. दोन्ही वायरनं जोडले की रेडिओ. एकटं तोंड म्हणजे शोभा, एकटं पोट म्हणजे भंगार.

हे दोन्ही आबांनी होळीच्या सुमारास धुळ्याच्या मिस्त्रीकडे दिले. मिस्त्री म्हणजे फार गुणी, मितभाषी माणूस असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. तोंडाळ माणूस. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्याच्या हातातल्या मोबाइलची निंदा करणार, मग काम विचारणार. पण काम चोख. त्यानं वाळलेले कंडेन्सर बदलले, जळालेल्या ट्रान्सफॉर्मरला नवी तार गुंडाळली, जळगावच्या भंगार बाजारात दोन वॉल्व्ह शोधून काढले, स्पीकरचा फाटलेला कागद सांधला आणि डब्याला काळा रंग मारला.

शनिवारी तो रेडिओ घेऊन आला. ओसरीवर बॅटरी लावून वाजवून दाखवला; अक्का तेवढ्या आत चुलीपाशी होत्या. आधी नुसती घरघर. मग डब्याच्या भोकांतून तांबूस उजेड, मग गाणं. आबांचे डोळे भरून आले. मिस्त्रीचेही. रेडिओला मिठी मारून त्यानं आबांच्या पुतण्याकडून फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "आबा, अजून चार दिवस मनाकडे राहू द्या ना याले. जीव लागी गया."

मनाकडे म्हणजे अहिराणीत माझ्याकडे. हे वाक्य आणि हा फोटो लक्षात ठेवा. निष्पाप माणसाच्या गळ्यात असलंच काहीतरी अडकवतात.

नवीन यंत्र घरात आलं की आपल्याकडे त्याला हळदकुंकू लागतं. आबांनी लोखंडी डबा देवघरात ठेवला, वर फूल वाहिलं. रविवारी सकाळी मिस्त्रीनं तोंड गाडीत बसवलं, एरियल लावली, वायरी ओढल्या. डबा बसवायला गेला तर जुनी पट्टी गंजून गेलेली. आबांना फोनवर म्हणाला, लेथवरून नवी पट्टी करून आणतो, तोवर डबा देवघरातच असू द्या. दुपारच्या आत एसटीनं धुळ्याला गेला. आबा त्या वेळी मळ्यात, केळीची गाडी भरून देत होते. दुपारी घरी धोंड्याचं जेवण होतं. शिरपूरची लेक आणि जावई आले, जेवले, गेले. संध्याकाळी आबा दिवा लावायला देवघरात शिरले. डबा नाही.

घरात कोणाला विचारलं? कोणालाही नाही. आबा तडक चौकात. आमच्याकडे वस्तू हरवली की माणूस आधी उंबऱ्याबाहेर बघतो. आबांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. का? मंडळींना ऐकू यावं म्हणून.

"मिस्तरी, डबा कुठी हाये?"

"कोणता डबा?"

"आयका रे!" आबा मंडळींना म्हणाले. "म्हने कोनता डबा!"

चौक हसला.

"आबा, तो तर देवघरमा शे ना."

"देवघरात असता तर तुले फोन कशाले केला असता? चार दिवस पाहिजे व्हता ना तुले? जीव लागला व्हता ना?"

"आबा, मी चोर नही शे."

"चोर कधी म्हनतो का, मी चोर शे म्हनून?"

पुन्हा हशा. आबांच्या पुतण्यानं तो मिठीचा फोटो उचलला, खाली लिहिलं, 'रेडिओचोर. दिसल्यास त्वरित कळवा', आणि पाठवून दिला. केळी ग्रुप, भाऊबंद ग्रुप, जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा ग्रुप. सकाळपर्यंत फोटो धुळ्यात मिस्त्रीच्या गल्लीत पोचला. मी विचारतो, या माणसाचा धंदा काय? लोक त्याच्याकडे बापाचा रेडिओ, आजोबांचा ग्रामोफोन ठेवून जातात. पावती नाही, काही नाही, नुसता विश्वास. दुकानात भांडवल म्हणून तेवढीच एक चीज, आणि तिला चौकात आग लावली.

सोमवारी सकाळी आबा जीपभर माणसं घेऊन ठाण्यात आले. ठाणे अंमलदारानं तक्रार लिहायला घेतली.

"चोरीस गेलेली वस्तू?"

"अर्धा रेडिओ."

पेन थांबलं. "आबा, अर्धा कसा लिहू? कोणता अर्धा?"

"पोटाकडला."

"आणि उरलेला?"

"गाडीत हाये."

"म्हणजे चोरानं अर्धा सोडला?"

"तेच तर म्हनतो साहेब, पक्क्या मान्सानं केलंय. कायचं काय नेवाचं, त्याले माहीत व्हतं."

जीपभर माणसांनी माना हलवल्या. मी म्हटलं, गुन्हा नोंदवायचा तर नोंदवू, पण आधी घर बघू. आबांना हे पटलं नाही. चोर धुळ्यात आणि साहेब घर बघणार? तेवढ्यात फोन आला. पहूरच्या बसस्टँडवर एक चहावाला आहे, आमचा जुना खबऱ्या. खबरी देण्याची त्याला इतकी हौस की कधी चहासुद्धा उतू जातो.

"साहेब, तुमचा माल माझ्यासमोर बसलाय. फोटोतलाच. मांडीवर पोतं, पोत्यात जड लोखंडी डबा. छातीशी धरून बसलाय."

आमचे हवालदार गाडी घेऊन गेले आणि दुपारी मिस्त्रीला आणि पोत्याला घेऊन आले. पोतं टेबलावर ठेवलं. आबांची माणसं दारात दाटली. हवालदारांनी जादूगारासारखी गाठ सोडली. आत गाडीची बॅटरी निघाली. तिच्यावर रेडिओ लावून बघायला मिस्त्री ती सगळीकडे घेऊन फिरतो. पहूरला एका गिऱ्हाइकाकडे निघाला होता, आणि त्या गिऱ्हाइकानंही फोटो बघून वाटेतच फोन करून सांगितलं होतं, येऊ नका.

चौकशी सुरू झाली. हवालदारांचा प्रश्न विचारण्याचा एकच प्रकार होता, उत्तरासकट.

"डबा विकला ना?"

"कोणाले विकू साहेब? एकटा डबा म्हंजे काय शे? त्याले तोंड लागतं. उद्या तुमचं पोट कोणी लेई गया, तर तो काय करी तेनं?"

हवालदारांनी पोट आत घेतलं. "मग लपवलास."

"लपाडाना व्हता तर तोंड कशाले बसाडत व्हतो? सकायपासून उन्हात, गाडीखाले, पाठ सोलाई गयी मनी."

"तूच म्हणालास ना, चार दिवस राहू द्या?"

"पोरगी सासरी धाडतांना बाप काय म्हणस? चार दिवस राहू द्या. मग बाप चोर शे का?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तीन मुली सासरी होत्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. मी चहा मागवला. मिस्त्रीनं कप सरकवला.

"चोर म्हणीसन बसाडं ना? मग चोरना हातमा चहा कशाले? पहिलं नाव धुवा, मग चहा."

एक सांगतो. खोटं बोलणारा माणूस ठाण्यात चहा नाकारत नाही. तो चहा घेतो, बिस्कीट घेतो, आमच्या मुलांची चौकशी करतो. रागावून, उपाशी, भिंतीकडे तोंड करून बसतो तो बहुतेक वेळा खरा असतो. हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. शिकवायला पाहिजे.

मी म्हटलं, "चला, घटनास्थळी. मिस्त्रीही येईल."

"साहेब, फिर्यादीच्या घरी आरोपी न्यायचा?" हवालदार.

"आरोपी कोणी केला त्याला? गुन्हाच दाखल नाही अजून."

"चौकानं केलाय ना."

"चौकाला अधिकार नाही."

घरी पोचलो. दोन पंच बोलावले. देवघर पाहिलं: दाराला कुलूप नसतंच, खिडकीचे गज शाबूत, देव जागच्या जागी, समईसुद्धा जागेवर. मी पंचांना म्हटलं, पितळ सोडून लोखंड नेणारा चोर मी अजून पाहिलेला नाही. पाटावर जिथे डबा होता तिथे हळदकुंकवाची चौकोनी कड तेवढी उरली होती.

अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, रेडिओ गाडीतच तर दिसतो."

आबा म्हणाले, "तू चहा टाक."

"मी कालपासून सांगून राह्यली, रेडिओ गाडीत हाये. मी सोता पाह्यला. काच हाये, काटा हाये, बटनं हायेत."

"तुले कायतरी समजतं का? ते तोंड हाये."

"मग रेडिओले अजून काय असतं?"

मी हात वर करून आबांना थांबवलं. अक्का कालपासून एकच गोष्ट सांगत होत्या आणि घरातल्या सगळ्या पुरुषांनी त्यांना दर वेळी चहा टाकायला पाठवलं होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, अक्कांना दाखवा काय हरवलंय."

मिस्त्रीनं इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर कालची घासलेली भांडी पालथी होती. त्यातून त्यानं एक चौकोनी डबा उचलला, त्याच्या तोंडावर पुरणाची चाळण धरली आणि अक्कांसमोर आडवा केला.

"अक्का, असा. काया रंगना. समोर अशी जाळी."

अक्कांनी चाळणीकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे. मग कपाळावर हात मारला.

"आगं बाई! हा तर मी जावायाले देला!"

पंचांपैकी एकजण हळूच खाली बसला.

"काहून देला?" आबांचा आवाज चिमणीएवढा झाला होता.

"काहून म्हंजे? धोंड्याचा महिना हाये. जावायाले जाळीचंच वान देतात ना? अनारसे देले, बत्तासे देले. देवघरात गेली तर हा ठेवेल व्हता. हयदकुंकू लावेल, फूल वाहेल, आन् सगया आंगाले भोकंच भोकं. मले वाटलं तुम्ही जळगावहून वानासाठीच आनला. म्हटलं, यंदा काहीतरी नवं निघालं आसन."

वाचकहो, हसा. मीही हसलो, पण तोंड फिरवून, वर्दीत होतो म्हणून. अधिक महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून जाळीदार वस्तू देतात हे तुम्हाला माहीत आहे. आजवर कोणी लक्ष्मीनारायणाला अँबेसिडरचा स्पीकर दिल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

"आन् मले न विचारता देला?" आबा.

"न विचारता कसा? तुम्हीच तर मळ्यातून येऊन परात उचलून त्याच्या हाती देली! वरून कापड झाकेल व्हतं. जड हाये गं, म्हनले. आन् माह्याकडे डोये वटारले. तुम्हाले वाटलं मी चांदीचा दिवा घातला."

म्हणजे चोर कोण? ज्यानं फिर्याद दिली त्यानंच स्वतःच्या हातानं, नमस्कार करून, माल घराबाहेर पाठवला होता. आणि संध्याकाळी चौकात जाऊन धुळ्याच्या माणसाला सुळावर चढवलं.

जावयाला फोन लावला. आबांचा नंबर बघून तो उचलेना. मी माझ्या फोनवरून लावला आणि ओळख दिली.

"बरं झालं साहेब, तुम्हीच फोन केला," जावईबापू उसळले. शिरपूरला शिक्षक आहेत. "तक्रार खरं तर मला करायची आहे. थोरल्या साडूला चांदीचा दिवा दिला होता. मला काय दिलं माहीत आहे? लोखंड! अधिक महिन्यात, जावयाला, लोखंड! परात जड लागली म्हणून रस्ताभर मी मनातल्या मनात सासऱ्यांची स्तुती करत आलो."

"तो डबा कुठे आहे आता?"

"देवघरात. वाण आहे, फेकणार कसं? काल फूल वाहिलं, आज वाहिलं, आणि दोन्ही वेळा राग आला."

मुद्देमाल मिळाला, पण तो मुद्देमालच नव्हता. चोरी नाही, गुन्हा नाही, जप्ती नाही. तक्रारदारानं तक्रार नाही म्हणून लिहून दिलं. कागदोपत्री माझं काम संपलं. हवालदार म्हणाले, "चला साहेब, निकाल लागला."

निकाल? कोणाचा? आबांचा डबा सापडला. मिस्त्रीचं काय सापडलं?

आबांनी मिस्त्रीचा हात धरला आणि म्हणाले, "झालं गेलं. घरातल्या घरात सांगतो, चुकलं माह्यं. आता चहा घे." पुतण्यानं ग्रुपवर टाकलं, 'गैरसमज दूर झाला', आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. कोणाचा गैरसमज, कोणाबद्दल, एक अक्षर नाही.

मिस्त्रीनं हात सोडवून घेतला. "आबा, चोर घरमा म्हणा व्हतात का? नही ना? चौकमा म्हणा व्हतात. मग चौकमाच चाला."

"आरे, माह्या वयाकडे पाय. गावात उभा राहू का मी?"

"मी कोठे उभा राहू, ते सांगा. मना गल्लीमा तीन गिऱ्हाइकं सकाये रेडिओ उचली लेई ग्यात."

आबा माझ्याकडे बघायला लागले. साहेब, तुम्ही समजवा. मी समजावलं. आबांना. म्हटलं, कायद्यानं मी तुम्हाला चौकात नेऊ शकत नाही. पण बदनामीचा दावा हा माणूस लावू शकतो, आणि साक्षीदार शोधायची त्याला गरज नाही, तुम्हीच चौकभर जमवून ठेवलेत. शिवाय, मिस्त्रीनं हात लावला नाही तर ते तोंड आणि पोट तुमच्या हयातीत एकत्र येणार नाही.

कायद्यानं नाही, पण शेवटच्या वाक्यानं काम केलं.

आबा चौकात गेले. चालत नाही, अँबेसिडर घेऊन. अक्का मागच्या सीटवर, त्या म्हणाल्या मीही येते, देणारी मी. कालचीच मंडळी, कालचीच बाकडी. आबा उतरले, घसा साफ केला.

"मंडळी, जरा गैरसमज झाला."

"कोणाना?" मिस्त्री.

"...माह्या."

"डबा कोणी दिधा?"

"आमीच देला. जावायाले. वानात."

चौकात कोणीतरी फस्सकन हसलं. आबांचे कान लाल झाले, पण ते थांबले नाहीत. मला त्या म्हाताऱ्याबद्दल तिथे पहिल्यांदा आदर वाटला.

"आन् चोर कोण शे?"

"चोर कोनी नाही."

"काल मोठ्यानी म्हणा व्हतात."

आबांनी डोळे मिटले आणि ओरडले, "हा मानूस चोर नाही! खोटं बोललो मी!"

बाकड्यांवरचं हसू थांबलं. मिस्त्रीनं हॉटेलवाल्याकडे वळून चहा मागितला. दिवसभरातला त्याचा पहिला चहा.

पुढचं थोडक्यात. दिलेलं वाण परत घेत नाहीत, म्हणून दोन्ही घरांत बराच खल झाला. शेवटी अधिक महिना संपल्यावर जावईबापूंनी डबा सासऱ्यांना 'स्वतःतर्फे भेट' म्हणून दिला, आणि सासूबाईंनी त्यांना 'सहज' म्हणून चांदीचा दिवा दिला. मिस्त्रीनं पट्टी बसवली, वायर जोडली, रेडिओ हवामानाचा अंदाज सांगू लागला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीच नसती. तीन गिऱ्हाइकांतली दोन मिस्त्रीकडे परत आली. तिसरं आलं नाही. आबांची कबुली ऐकली एका चौकानं. आरोप गेला दोन जिल्ह्यांत. नोकरीत मी खरे चोर पकडले, त्यांची नावं महिन्याभरात लोक विसरले. ज्यानं चोरी केलीच नाही त्याचा फोटो अजून फिरतो आहे. गेल्याच आठवड्यात मला तो एका ग्रुपवर आला, खाली तेच, 'दिसल्यास त्वरित कळवा'. पाठवणारे सद्गृहस्थ माझ्या पत्रकांचे नियमित वाचक आहेत. चोरीचा तपास पोलीस करतील, तो आमचा पगार आहे. पण चोर हा शब्द तोंडातून निघाल्यावर त्याचा माग काढणारं ठाणं कुठेच नाही. ते काम बोलणाऱ्याचंच.

तेव्हा आता तुमच्याशी. फोन हातात आहे ना? मग हे पान उलटण्याआधी तो उघडा. 'चोर', 'भामटा', 'सावध राहा' असं लिहून खात्री न करता जो फोटो तुम्ही पुढे ढकललात तो शोधा. नुसता पुसू नका, पुसणं सोपं आहे. ज्यांना ज्यांना पाठवला, त्या प्रत्येकाला लिहा: मी खात्री न करता पाठवलं होतं, हा माणूस चोर असल्याचं मला माहीत नाही. खाली स्वतःचं नाव घाला. जोडलेल्या हातांचं चित्र चालणार नाही.